१२० बाय ४५

१२० पिक्सेल रुंद आणि ४५ पिक्सेल उंच. गुणाकार केला तर ५,४०० ठिपके. साध्या मॉनिटरवर मोजलं तर तीनएक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम सव्वा सेंटिमीटर उंच. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानात शोधाची यादी उघडली की प्रत्येक गेमच्या वाट्याला एवढीच जागा येते. रात्रीचा दिवस करून, नोकरी सांभाळून किंवा सोडून कुणी चार-पाच वर्षं जे काही घडवलं, त्याची गिऱ्हाइकाशी पहिली गाठ या चौकटीत पडते. बहुतेकांची शेवटचीही तिथंच पडते, कारण यादी पुढं सरकते.

स्टीम चालवते ती व्हॉल्व्ह कंपनी, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावची. दुकान २००३ साली उघडलं. सुरुवातीची बरीच वर्षं आत कुणाला घ्यायचं हे कंपनीच ठरवत असे. २०१२ मध्ये 'ग्रीनलाइट' नावाची मतदानाची पद्धत आली आणि २०१७ मध्ये तीही गेली. आता १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या आणि गेम विकायला ठेवा. दार सताड उघडलं तेव्हा व्हायचं तेच झालं. एकट्या २०२४ सालात अठरा हजारांहून जास्त नवे गेम या दुकानात आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. मोठ्या कंपन्यांचे गेम लोक नावानं शोधत येतात. मोठ्या प्रकाशकाचं पाठबळ नसलेल्या, दोन-चार जणांनी किंवा एकट्यानं केलेल्या गेमला, म्हणजे ज्याला सगळे 'इंडी' म्हणतात त्याला, नावानं शोधायला कुणी येत नाही. तो नजरेस पडावा लागतो. आणि नजरेस पडतं ते चित्र. धंद्यातले लोक त्याला 'कॅप्सूल' म्हणतात.

एका चित्रानं भागत नाही, ही पहिली कटकट. पानाच्या माथ्यावर ९२० बाय ४३०चं हेडर, यादीसाठी ४६२ बाय १७४ची छोटी कॅप्सूल (हीच आकसून १२० बाय ४५ होते), पहिल्या पानावर झळकायची वेळ आलीच तर १२३२ बाय ७०६ची मुख्य कॅप्सूल, हंगामी सेलच्या पानांसाठी ७४८ बाय ८९६ची उभी. गेम विकत घेतल्यावर खेळाडूच्या स्वतःच्या लायब्ररीत दिसायला ६०० बाय ९००चं आणखी एक उभं चित्र, आणि त्यामागे ३८४० बाय १२४०चा लांबलचक पडदा, ज्यावर एकही अक्षर चालत नाही. छोटी कॅप्सूल उंचीच्या अडीचपटीहून जास्त रुंद. उभी उंचीपेक्षा अरुंद. तलवार उंचावून मधोमध उभा असलेला नायक उभ्या चौकटीत शोभतो. तोच पट्टीत घातला तर एक तर तलवार कापायची, नाहीतर नायकाला मुंगीएवढा करायचा. नवखा विकसक एकच चित्र कापून-ताणून सगळ्या चौकटींत बसवतो आणि ते पाहताक्षणी कळतं. जाणता चित्रकार पात्र, पार्श्वभूमी आणि नावाची अक्षरं वेगवेगळ्या थरांवर ठेवतो आणि प्रत्येक चौकटीसाठी मांडणी नव्यानं करतो. छोट्या कॅप्सूलबाबत खुद्द व्हॉल्व्हची सूचना अशी की, गेमच्या नावानं जवळजवळ सगळी चौकट भरून टाका. म्हणजे तिथं चित्राला रजाच. लायब्ररीतल्या उभ्या चित्राचं काम अगदी वेगळं. तिथं माल विकून झालेला असतो. आपलाच गेम आपल्याला पटकन सापडला की पुरे. तिथंही आरडाओरडा करणारं चित्र लावणारे आहेत.

आता मुद्द्याचं. कॅप्सूलमध्ये गेमचं सार यावं, कथा यावी, नायक-खलनायक-प्रेयसी-किल्ला-वादळ सगळं यावं, असं विकसकाला वाटतं. वाटणारच, चार वर्षं तो त्यातच जगला आहे. पण यादीवरून बोट सरकवणाऱ्या माणसाला कथेत रस नसतो. त्याचा प्रश्न एकच असतो: हा माझ्या जातकुळीचा गेम आहे का? शेती करत निवांत बसायचं आहे, पत्त्यांचे डाव लावायचे आहेत, घाबरून घ्यायचं आहे की शहर वसवायचं आहे? कॅप्सूलनं एवढं सांगितलं तर तिचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ज्याला हा गेम आवडणार नाही त्याला दुरूनच वाटेला लावणं. हे दुसरं काम विकसकांच्या पचनी पडत नाही.

'स्टारड्यू व्हॅली' पाहा. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून केलेला, २०१६ साली आलेला गेम. त्याच्या चित्रात निळं आभाळ, खाली हिरवीगार शेतीवाडी आणि लाकडी पाट्यांसारखी गुबगुबीत अक्षरं. कुणाच्याही हातात हत्यार नाही, चेहऱ्यावर त्वेष नाही. पाहणाऱ्याला बरोबर कळतं की इथं मारधाडीवर भर नाही, घाई नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 'टीम चेरी'चा २०१७चा 'हॉलो नाइट' याच्या उलट टोकाला. गडद निळ्या अंधारात दोन शिंगांचा पांढराशुभ्र मुखवटा आणि त्यात डोळ्यांची दोन काळी भोकं. स्टीमच्या पानाची स्वतःची पार्श्वभूमीच गडद निळसर आहे. म्हणजे गडद निळं चित्र तिथं लावणं हा खरं तर आत्मघात. चौकटीच्या कडा पानात विरघळतात आणि चित्र नाहीसं होतं. 'हॉलो नाइट' वाचतो तो त्या पांढऱ्या मुखवट्यामुळे. त्याची नक्कल करणाऱ्या कित्येकांनी अंधार उचलला आणि मुखवटा विसरले.

आणि 'बालात्रो'. लोकलथंक या टोपणनावानं वावरणाऱ्या कॅनडातल्या एका माणसाचा, पोकरच्या पत्त्यांवर बेतलेला, २०२४ साली आलेला गेम. महिनाभराच्या आत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. लाल आणि निळ्या रंगाचा ढवळल्यासारखा भोवरा, त्यावर जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखी थरथर आणि पत्त्यांच्या वळणाची अक्षरं. नायक नाही, प्रसंग नाही. गेम उघडला की मागे तोच भोवरा फिरत असतो. दुकानात दिसलेलं आणि घरी आलेलं यांत तसूभर फरक नाही. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सर्वांत प्रामाणिक कॅप्सूल आहे, आणि बहुधा सर्वांत स्वस्तातलीही.

जातकुळी सांगायची म्हटलं की री ओढणं आलंच. निवांत शेतीच्या गेमची कॅप्सूल निळी-हिरवी, भयपटाच्या वळणाची काळी आणि मधे अर्धा चेहरा, शहर वसवण्याची आकाशातून पाहिलेली. शंभर गेम शेजारी लावले तर पंचवीस सख्खी भावंडं वाटतील. चित्रकार यावर कुरकुरतात आणि ते खरंही आहे. पण तोडगा असा नाही की सगळं झुगारून द्यावं. दिवाळीत वृत्तपत्रविक्रेत्याच्या फळीवर अंक एकावर एक असे रचलेले असतात की प्रत्येकाचं फक्त डोकं दिसतं. तिथं विनोदी अंकानं ज्योतिषाच्या अंकासारखं मुखपृष्ठ केलं तर ते वेगळेपण नव्हे, फसगत. ओळखीच्या खुणा ठेवून एकच गोष्ट निराळी करायची. 'हॉलो नाइट'च्या अंधारात ती मुखवटा होती, 'बालात्रो'च्या पत्त्यांत ती भोवरा होता.

खुणाच ठरलेल्या नसतील तर मात्र पंचाईत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'पुढे ती होती. त्यांचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' २०२० साली आला, ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. कसरतीचे खेळ करणारी राजी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वळणाचे महाल, पहाडी चित्रशैलीची छाप, मधल्या कथाभागांसाठी छायाबाहुल्यांचा खेळ. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करण्याची त्यांची मोहीम फसली होती. ग्रीक देव, नॉर्स देव, जपानी सामुराई यांची कॅप्सूल जगातला कुठलाही खेळाडू झोपेतही ओळखतो, कारण तीस वर्षं त्याला तीच दाखवली गेली आहेत. भारतीय पुराणांवरच्या मारधाडीच्या गेमची अशी ठरलेली खूण तेव्हा नव्हती. त्रिशूळ, कमान, दागिने हे सगळं आपल्याला घरचं. पोर्तुगालमधल्या खेळाडूला त्यातून 'पूर्वेकडचं काहीतरी' यापलीकडे काय कळावं?

नावाचं गणित मात्र त्यांच्या बाजूनं होतं. १२० पिक्सेलच्या पट्टीत रोमन लिपीतलं 'राजी' लिहायचं तर चारच अक्षरं, म्हणजे प्रत्येकाला तीस पिक्सेल. पूर्ण नाव लिहिलं तर मधल्या मोकळ्या जागा आणि अपूर्णविराम धरून एकवीस घरं, म्हणजे अक्षराला सहाही पिक्सेल नाहीत. सहा पिक्सेलांत अक्षर नव्हे, मुंग्यांची रांग दिसते. उपशीर्षक हे यादीत मरण्यासाठीच जन्माला येतं. गेमचं बारसं करताना हा हिशेब फार थोडे करतात. तीन शब्दांचं भारदस्त नाव आधी ठरतं आणि ते चौकटीत बसवायची शिक्षा नंतर चित्रकाराला होते.

देवनागरीचा हिशेब तर याहून कडक आहे. रोमन मोठी अक्षरं ४५ पिक्सेलची उंची जवळपास सगळी वापरू शकतात. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना जागा सोडावी लागते आणि खाली उकाराला. मुख्य अक्षराच्या पोटाला उंचीच्या निम्म्याच्या आसपास उरतं. त्यात 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक एका गाठीचा किंवा वळशाचा. लहान आकारात ती गाठ बुजली की 'भात' आणि 'मात' शेजारी-शेजारी येऊन बसतात. स्टीमवर भाषेगणिक वेगळी कॅप्सूल लावता येते, आणि चिनी खेळाडूंसाठी नावाची अक्षरं नव्यानं रेखाटून घेण्याची पद्धत चांगली रुळली आहे. उद्या मराठी नावाचा गेम तिथं गेला तर त्यानं संगणकातला तयार फॉन्ट जाड करून चिकटवू नये. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षकं रेखाटली, ती काढून पाहावीत. जाहिरातीच्या चिमुकल्या चौकटीत, खरखरीत कागदावर, पसरणाऱ्या शाईत नाटकाचं नाव वाचता आलंच पाहिजे, आणि नाटक गंभीर की फार्सिकल हेही त्याच अक्षरांतून कळलं पाहिजे. प्रश्न अगदी हाच होता.

'राजी'ला २०२०च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमच्या विभागात नामांकन मिळालं. असलं काही मिळालं की ते कॅप्सूलवर ठोकायची पूर्वी रीतच होती. पुरस्कारांच्या सोनेरी डहाळ्या, समीक्षकांचे 'दहापैकी नऊ', 'आता अर्ध्या किमतीत', 'नवा भाग आला' असा बाजार त्या चौकटीत भरलेला असे. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हनं तो उठवला. आता कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक. गुण नाहीत, पुरस्कार नाहीत, सवलतीचा उल्लेख नाही. मोठी सुधारणा आली तर तेवढ्यापुरतं मजकुराचं चित्र लावता येतं, तेही जास्तीत जास्त महिनाभर, आणि तो मजकूर गेम ज्या-ज्या भाषांत आहे त्या सगळ्या भाषांत हवा. विकसकांपैकी काहींनी यावर गळा काढला होता. मला हा नियम इंडी विकसकाच्या हिताचा वाटतो. पुरस्कारांची रास मोठ्यांकडेच जास्त असते. ती बाजूला केली की मैदान थोडं तरी सपाट होतं.

या सगळ्या हिशेबाला छेद देणारं एक चित्र आहे, आणि ते माझं आवडतं आहे. २००१ साली सोनीनं प्लेस्टेशन २ साठी 'इको' काढला. शिंगं असलेला मुलगा एका मुलीचा हात धरून प्रचंड किल्ल्यातून बाहेर पडायची वाट शोधतो, एवढीच गोष्ट. त्याचे कर्ते फुमितो उएदा यांनी जपानी आवृत्तीचं मुखपृष्ठ स्वतः रंगवलं. ज्योर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या 'नॉस्टॅल्जिया ऑफ द इन्फिनिट' या चित्राची त्यावर उघड छाया आहे: उन्हानं भाजलेली रिकामी जमीन, कमानी, लांबच लांब सावल्या आणि हात धरून पळणाऱ्या दोन इवल्याशा आकृती. युरोपातही हेच मुखपृष्ठ गेलं. अमेरिकेत गेम आधी बाजारात आणायचा होता आणि हे चित्र वेळेत तयार झालं नाही, म्हणून तिथं दुसरंच लागलं: मुलगा पुढ्यात मोठा, बाकी सगळं मागे, कुठल्याही साहसी गेमवर खपावं असं. अमेरिकेत 'इको' फारसा चालला नाही आणि ते मुखपृष्ठ गेमच्या इतिहासातल्या वाईट मुखपृष्ठांच्या यादीत कायमचं जाऊन बसलं.

आता उएदांचं चित्र १२० बाय ४५मध्ये टाकून पाहा. त्या दोन आकृती तीन-चार पिक्सेलांच्या उरतात, म्हणजे नाहीतच. आजचा कुठलाही सल्लागार ते पहिल्या फेरीत बाद करील आणि मुलाचा चेहरा मोठा करायला सांगेल. म्हणजे नेमकं अमेरिकन मुखपृष्ठच काढायला सांगेल! तरी मला वाटतं, ते चित्र यादीतही टिकलं असतं. पात्रांमुळे नव्हे, मोकळ्या जागेमुळे. सगळे ओरडत असलेल्या रांगेत पिवळसर उन्हाचा एक रिकामा तुकडा दिसला तर डोळा तिथं थबकतो. लहान आकारात तपशील मरतात, पण उजेड-अंधाराची मोठी वाटणी मरत नाही.

चांगले कॅप्सूल-चित्रकार कामाला सुरुवात करतात ती याच वाटणीपासून. रंग नंतर. आधी काळ्या-पांढऱ्यात काडेपेटीएवढी डझनभर कच्ची रेखाटनं. डोळे किलकिले करून पाहिलं की ज्यात दोन-तीन ठळक आकार उरतात ती ठेवायची, ज्यात चिखल होतो ती फाडायची. मग दुकानाच्या खऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यात, खऱ्या शेजाऱ्यांच्या गर्दीत, आपलं रेखाटन डकवून पाहायचं. एकट्यानं सुंदर दिसणारी कितीतरी चित्रं इथं मान टाकतात. पात्राची बाह्यरेषा पार्श्वभूमीपासून सुटते का, नावाच्या अक्षरांमागे गजबज आहे का, नावाचा रंग आणि नायकाच्या अंगरख्याचा रंग एकमेकांत मिसळतात का, असे साधे प्रश्न. अक्षरांना तर अखेरपर्यंत कुणी वाली नसतो. चित्रकार म्हणतो मी चित्र काढतो, विकसक म्हणतो फॉन्ट मी बघतो, आणि मग त्या उत्तम चित्रावर कुठून तरी फुकट उतरवलेली वळणावळणाची बारीक अक्षरं येऊन बसतात.

इंडी गेमच्या विक्रीवर वर्षानुवर्षं लिहिणारे अमेरिकेतले क्रिस झुकोव्स्की यांचा एक आग्रह कायम असतो: बाकी सगळं स्वतः करा, कॅप्सूल मात्र पैसे मोजून व्यावसायिक चित्रकाराकडून करून घ्या. काही शे डॉलरची बाब. पण ज्यानं संगीतापासून हिशेबापर्यंत सगळं एकट्यानं केलं आहे त्याचा हात नेमका इथं आखडतो. आता त्याच्यापुढे आणखी एक मोह आहे, एआयकडून फुकटात चित्र काढून घेण्याचा. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर एआयचा वापर केला असेल तर तो जाहीर करावा लागतो आणि गेमच्या पानावर ते छापून येतं. नियमाचं सोडा, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला चेहरा खेळाडू आता लांबून ओळखतात आणि आतला गेमही तसाच असणार असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हाताने काढलेल्या गेमवर एआयची कॅप्सूल लावणं म्हणजे आपल्याच मालावर स्वतः संशय घेणं.

चित्र लावलं, चाललं की नाही हे कसं कळायचं? कॅप्सूल किती वेळा दिसली आणि त्यातून किती जण पानावर आले, हे आकडे स्टीम विकसकाला दाखवतं. पण दोन चित्रं एकाच वेळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय गुगल प्लेवर आहे, तशी स्टीमवर नाही. त्यामुळे विकसक आज कॅप्सूल बदलतो, पुढच्या आठवड्यात आकडे वाढतात, आणि ते नव्या चित्रामुळे की त्याच आठवड्यात कुणा यूट्यूबरनं गेम खेळून दाखवल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. यशोगाथा मात्र लगेच तयार होते. 'अमंग अस' २०१८ साली आला आणि दोन वर्षं जवळपास कुणाच्या गावी नव्हता. २०२० मध्ये टाळेबंदीत स्ट्रीमर मंडळींनी तो उचलला आणि जगभर पोचवला. त्यात कॅप्सूलचा वाटा शोधायला जाऊ नये. पण एकदा लाट आल्यावर ते अवकाशपोशाखातलं बिनहातांचं गाठोडं कुठल्याही आकारात, कुठल्याही रंगात ओळखू येत होतं, हे खरं.

खोट्या चित्राला शिक्षा होते ही गोष्टही तशी नवीच. अटारीनं १९७७ साली घरच्या टीव्हीवर खेळायचं यंत्र आणलं तेव्हा पडद्यावर चार-दोन चौकोन हलायचे, आणि खोक्यावर क्लिफ स्पोन यांच्यासारख्यांनी रंगवलेली विमानं, रणगाडे, घामेजलेले खेळाडू. 'ॲडव्हेंचर'च्या खोक्यावर सूझन जेकल यांनी रंगवलेला किल्ला आणि ड्रॅगन होता. आत गेमचा नायक हा नुसता चौकोन आणि ड्रॅगन हुबेहूब बदक. कुणी फसवलं म्हणून भांडलं नाही. खोक्यावरचं चित्र मनात धरून मुलं त्या बदकाला घाबरली. आज असं चालणार नाही. २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळून झालेला गेम परत करता येतो, आणि जाताना चिडून चार ओळी लिहिताही येतात. त्या ओळी कॅप्सूलच्या खालीच दिसत राहतात.

'ॲडव्हेंचर' लिहिणारे वॉरन रॉबिनेट यांचं नाव अटारीनं कुठं छापलं नव्हतं, म्हणून त्यांनी गेममध्येच एक गुप्त खोली करून तिथं ते लपवलं. आज गेम करणाऱ्याला ती वेळ येत नाही. स्टीमच्या पानावर विकसकाच्या नावाला जागा आहे, प्रकाशकाच्याही आहे. कॅप्सूल रंगवणाऱ्याच्या नावाला नाही. ते असलंच तर गेम पूर्ण झाल्यावर सरकणाऱ्या नामावलीत, आणि तिथवर बहुतेक खेळाडू पोचत नाहीत. म्हणून जाणते चित्रकार करारात आधीच एक अट घालून घेतात: गेम बाजारात आला की हे चित्र नावाच्या अक्षरांशिवाय, मूळ आकारात, माझ्या संग्रहात लावायची मुभा हवी.